जोड कोणाशी लावायची? कॉलेजातल्या इंग्रजीच्या ‘अ’ आणि ‘ब’ गटांची गोष्ट

जुलैत कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोर गर्दी असते ती प्रवेशाच्या याद्यांसाठी. अलीकडे काही कॉलेजांत प्रवेश होऊन आठवडा झाला की आणखी एक यादी लागते, इंग्रजीच्या गटांची. त्याआधी अर्ध्या तासाची, पन्नास गुणांची, बरोबरची खूण करायची एक परीक्षा झालेली असते. तिच्यावरून एफवायच्या मुलांचे दोन-तीन गट पाडतात. मुलगा रात्री जेवताना सांगतो, ‘मला ब मध्ये टाकलंय.’ आईला वाटतं, तुकडी असेल. वडील विचारतात, ‘म्हणजे नापास झालास का?’ मुलालाही नीट सांगता येत नाही.

मी बावीस वर्षं तालुक्याच्या गावी बी.ए. आणि बी.कॉम.च्या मुलांना इंग्रजी शिकवते आहे. गट पाडावेत म्हणून स्टाफरूममध्ये भांडले आहे, आणि नंतरच्या एका वर्षी पाडू नयेत म्हणूनही. दोन्ही वेळा मुलांना काय वाटतं हे मी मुलांना न विचारताच सांगत होते. ते विचारायला लागल्यावर बऱ्याच गोष्टी उलट्या निघाल्या.

विषय आत्ताच वर येण्याचं एक कारण आहे. नवं शैक्षणिक धोरण राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. भाषेचे पेपर त्यात ‘क्षमता संवर्धन’ या नावाखाली येतात. इंग्रजीत ‘ॲबिलिटी एन्हान्समेंट कोर्स’, मुलं त्याला नुसतं ‘एईसी’ म्हणतात. नावातच क्षमता आली, मग ती मोजणं आलं, मोजल्यावर वाटणी आली.

## गट म्हणजे नक्की काय

कुस्तीच्या मैदानात जोड लावणं हे मोठं कसब समजतात. पंधरा वर्षांच्या पोराची कुस्ती नावाजलेल्या पैलवानाशी लावली तर अर्ध्या मिनिटात निकाल लागेल, पोरगा काही शिकणार नाही, पैलवानाचा घामही निघणार नाही आणि लोक शिट्ट्या मारतील. म्हणून जोड तोलामोलाची हवी. पण हेच वस्ताद तालमीत, रोजच्या सरावाला, त्याच पोराला मुद्दाम मोठ्या पैलवानाच्या अंगावर घालतात. मैदानाचा नियम वेगळा, तालमीचा वेगळा. आमच्या भांडणातला निम्मा गोंधळ हा की कॉलेजचा वर्ग मैदान आहे की तालीम, हे कोणी ठरवलेलं नसतं.

मुलांची त्या विषयातली आजची तयारी बघून त्यांना वेगवेगळं बसवणं, याला शिक्षणशास्त्रात ‘ॲबिलिटी ग्रुपिंग’ म्हणतात. इथे मी नुसतं ‘गट’ म्हणेन. ज्या परीक्षेवरून गट ठरतात ती ‘प्लेसमेंट टेस्ट’. तिला चाळणी म्हणू. लेखापुरते एवढे शब्द पुरतील.

गट तीन तऱ्हांनी पडतात. सगळ्या विषयांना तोच गट, जुन्या शाळांतल्या अ-ब-क-ड तुकड्यांसारखा. किंवा एकाच विषयापुरता, तास संपला की सगळे पुन्हा एकत्र. किंवा एकाच खोलीत बाकांच्या चार-पाच टोळ्या करून प्रत्येकीला वेगळं काम. कॉलेजांत चालतं ते बहुतेक दुसऱ्या तऱ्हेचं. घरच्या मोठ्यांच्या डोक्यात मात्र पहिलीच असते, कारण ‘ड’ तुकडीत काढलेली वर्षं माणूस विसरत नाही. ब्राह्मी लिपीपासून ‘ढ’ या अक्षराचा आकार फारसा बदलला नाही, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणायला लागले, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, त्या शब्दातली मेख तिच्यात बरोबर सापडते: हा बदलणार नाही.

## दहावीपर्यंत गट होतेच

‘आजवर सगळे एकत्र शिकत होते, आता हे काय नवीन खूळ?’ असं पालक विचारतात. खरं तर सगळे एकत्र शिकत नव्हते. आपल्या राज्य मंडळाची दहावीची इंग्रजीची पुस्तकंच दोन आहेत. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी प्रथम भाषा म्हणून, त्यांना कुमारभारती. मराठी माध्यमाच्या मुलांना ती तृतीय भाषा, त्यांचं पुस्तक वेगळं, धडे वेगळे, प्रश्नपत्रिका वेगळी. त्याला आपण कधी गट म्हटलं नाही, माध्यम म्हटलं.

अकरावीला हे दोन्ही प्रवाह एकाच युवकभारतीत येऊन पडतात. दहावीपर्यंत ज्याला सोपा परिच्छेद आणि चार ओळींचं पत्र पुरत होतं, तो आणि जो घरी भावंडांशीही इंग्रजीत भांडतो तो, दोघांसमोर एकच कविता, एकच पेपर. दोन वर्षं गाईडच्या आणि अपेक्षित प्रश्नांच्या आधाराने निघतात. बारावीला दोघेही पास होतात. मग ते माझ्या वर्गात येतात. हजेरीपटावर एकशे वीस नावं, हॉलमध्ये पंखे सहा, आणि मी विचारते, ‘टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ.’ पहिल्या दोन बाकांवरून उत्तरं येतात. उरलेला हॉल वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं करतो.

२००० साली महाराष्ट्राने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हा वाटलं होतं की ही दरी बुजेल. ती पहिली मुलं कॉलेजात येऊन आता दशक उलटलं. शब्द जास्त येतात त्यांना, हे नक्की. पण त्याच काळात पैसे जोडून मुलांना इंग्रजी शाळेत घालणारी घरंही वाढली, सेमी-इंग्रजी आलं, आणि एका वर्गातलं अंतर होतं तेवढंच राहिलं. मला तर थोडं वाढल्यासारखंच वाटतं.

## मुलांना काय वाटतं

मी धरून चालले होते की ‘ब’ गटातली मुलं चिडतील. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती चिडत नाहीत. त्यांना हायसं वाटतं. मोठ्या वर्गात तोंड उघडलं की हसतील ही भीती असते, आणि ती भीती इंग्रजीची नसते, समोरच्या बाकांची असते. मुंबईच्या कॉलेजांत मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ‘व्हर्नॅक’ म्हणून हिणवतात, तालुक्यात त्याला दुसरा शब्द असेल, पण नजर तीच. ती नजर वर्गातून गेली की मुलं बोलायला लागतात. जो मुलगा अख्ख्या अकरावी-बारावीत एक वाक्य बोलला नव्हता तो ‘ब’ गटात ‘मॅडम, आय हॅज अ डाउट’ म्हणून उभा राहतो. ते ‘हॅज’ मी त्या दिवशी दुरुस्त करत नाही.

चीड नंतर येते, आणि तिचं कारण आम्हा शिक्षकांना वाटतं ते नसतं. ‘आम्हाला परत टेन्सच शिकवतायत’ ही ‘ब’ गटाची सगळ्यात मोठी तक्रार. पाचवीत टेन्स, आठवीत टेन्स, दहावीत टेन्स, कॉलेजात गट वेगळा पाडला तर पुन्हा टेन्स. मुलाला हवं असतं फोनवर मुलाखत कशी द्यायची, बँकेत अर्ज कसा लिहायचा. गट सोपा करायचा म्हणजे हळू शिकवायचं, एवढाच अर्थ आम्ही घेतो. जेवायला वरणभात मऊ करून वाढणं वेगळं आणि रोज कालचाच भात वाढणं वेगळं.

‘अ’ गटाचं म्हणणं निराळं. त्यांना वेग आवडतो, चर्चा आवडते, आपल्यासारखी माणसं भेटल्याचा आनंद असतो. तक्रार गुणांची. ‘आम्ही अवघड पेपर लिहून साठ मिळवायचे आणि ते सोपा पेपर लिहून पंच्याऐंशी. मार्कशीटवर तर कुठे लिहिलेलं नसतं.’ हे खोटं नाही. म्हणूनच चाळणीत मुद्दाम चुका करणारी मुलंही मी पाहिली आहेत. चांगलं येत असूनही ‘ब’ घ्यायचा आणि विषय आरामात काढायचा. एका वर्षी तर असा मुलगा ‘ब’ गटात अर्धा शिक्षकच होऊन बसला. मी गप्प राहिले, कारण गटाचा फायदा होत होता.

‘अ’ गटाच्या तळाशी एक शांत दुःख असतं. गावच्या शाळेत इंग्रजीत कायम पहिली येणारी मुलगी ‘अ’ गटात शेवटून तिसरी होते. तिचं इंग्रजी एका रात्रीत बिघडलेलं नसतं, फक्त शेजारी बदललेले असतात. हर्बर्ट मार्श या ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात हे नेमकं पकडलं: माणूस आपली किंमत आसपासच्यांशी तोलून ठरवतो, त्यामुळे लहान तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात टाकला की स्वतःला लहान समजायला लागतो. याचा दुसरा अर्थ असा की खालच्या गटात गेलेल्याचा आत्मविश्वास कधीकधी वाढतो. गट पाडल्याने खालच्यांचं मन मोडतं आणि वरच्यांचं फुलतं, हा हिशेब इतका सरळ नाही.

सगळ्यात कडू मात्र काठावरची मुलं. रेघ पंचवीसवर ओढली आणि ज्याला चोवीस पडले, त्याला कुठलंही शास्त्र सांगून उपयोग नसतो. पंचवीसवाला मित्र समोरच्या खोलीत बसतो. शिवाय ‘ब’ गटाचा तास वेळापत्रकात उरलेल्या जागी, दुपारी चारला, आणि गावाकडची एसटी साडेचारची. मुलांच्या तक्रारींतली बरीचशी शास्त्राची नसतेच, वेळापत्रकाची असते.

तैवान आणि जपानच्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या इंग्रजीला असे गट करण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे आणि तिथे विद्यार्थ्यांची मतंही विचारली गेली आहेत. माझ्या ओळखीचाच सूर त्यांत ऐकू येतो. वेगळ्या पातळीला वेगळा वर्ग असावा हे पुष्कळांना पटतं, वरच्या गटाला अधिक पटतं. कुरबुर असते ती गुण कसे द्यायचे यावर आणि खालच्या वर्गातल्या मरगळीवर. तिथे चाळणीला बसणाऱ्या मुलांची शाळा आणि अभ्यासक्रम बऱ्यापैकी सारखे असतात, आपल्याकडे नसतात, हे लक्षात ठेवून ती मतं वाचावी लागतात.

## चाळणीतून खाली काय पडतं

एकदा एका मुलाला चाळणीत पन्नासपैकी अकरा पडले. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा होता. घरी पावरी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, आणि त्या सगळ्यांवर चौथी इंग्रजी. भाषा शिकण्याची त्याची क्षमता कमी, असं म्हणायचं कसं? माझ्या ‘अ’ गटातल्या किती मुलांना तीन भाषांत व्यवहार करता येतो?

चाळणी मोजते ती इंग्रजी कानावर किती वर्षं पडली, ते. शाळेचं माध्यम, घरात येणारं वर्तमानपत्र, मोबाइलवर काय बघतो, आईवडील काय करतात, हे सगळं त्या अकरा गुणांत मिसळलेलं असतं. म्हणून ‘क्षमता’ हा शब्दच मला इथे चुकीचा वाटतो. पातळी म्हणावं. धरणात आज पाणी किती आहे ती पातळी. धरण किती मोठं आहे ती क्षमता. जूनच्या आकड्यावरून कोणी उजनीचं मोठेपण ठरवत नाही. शिक्षक मनात पातळी धरून गट पाडतो आणि मुलगा यादीत क्षमता वाचतो.

गटांना गोड नावं देऊन हे झाकता येत नाही. एका वर्षी आम्ही चाफा आणि मोगरा अशी नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ‘अरे तू चाफ्यातला ना?’ हा टोमणा झाला होता.

शिक्कामोर्तब शिक्षकांच्याही डोक्यात होतं. रॉबर्ट रोझेन्थल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत केलेला, १९६८ साली पुस्तकातून मांडलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं की ही यंदा झेप घेणार आहेत. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. वर्षअखेरीस लहान वर्गांतली ती मुलं खरोखर पुढे गेलेली दिसली. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, परिणाम एवढा मोठा नसतो असंही दिसलं. तरी ‘ब’ गटाच्या पेपरांचा गठ्ठा हातात घेतल्यावर माझं लाल पेन कसं चालतं हे मला ठाऊक आहे, म्हणून मी तो प्रयोग निकालात काढत नाही.

## ‘पण संशोधन काय सांगतं? एकदाचं हो की नाही सांगा’

एकदाचं सांगता येत नाही. का येत नाही, ते मात्र सांगता येतं.

अमेरिकेत रॉबर्ट स्लेव्हिन यांनी १९९० मध्ये माध्यमिक शाळांमधल्या गटांवरचे २९ अभ्यास एकत्र तपासले. गट पाडल्याने मुलांच्या सरासरी प्रगतीत जवळजवळ काहीच फरक पडलेला नव्हता. त्याआधी, १९८५ मध्ये, जीनी ओक्स यांनी अमेरिकेतल्याच २५ शाळा बघून दाखवलं होतं की खालच्या गटांना शिकायलाच कमी मिळतं: वरच्यांना विचार करायला लावणारे प्रश्न, खालच्यांना घोकंपट्टी. आणि खालच्या गटांत गरीब आणि कृष्णवर्णीय मुलं जास्त.

मग केनियातून अगदी वेगळं उत्तर आलं. २००५ मध्ये तिथल्या पश्चिम भागातल्या १२१ प्राथमिक शाळांना पहिलीसाठी एकेक जादा शिक्षक मिळाला आणि एका वर्गाचे दोन झाले. साठ शाळांत मुलं पातळीनुसार वाटली, उरलेल्यांत चिठ्ठ्या टाकून. दीड वर्षाने पातळीनुसार वाटलेल्या शाळांतली मुलं पुढे होती, आणि मुख्य म्हणजे खालच्या वर्गातलीही. फरक किती? शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्यावर असलेलं मूल साधारण पाच-सहा जागा पुढे सरकावं, एवढा. हा अभ्यास एस्थर डुफ्लो, पास्कलीन ड्युपास आणि मायकेल क्रेमर यांचा. डुफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जींबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

दोन्हीकडचे निकाल खरे असू शकतात. केनियात शिक्षकाला खालच्या वर्गासमोर उभं राहून त्या मुलांना कळेल असं शिकवता आलं. त्याआधी तो पुढच्या बाकांसाठीच शिकवत होता. ओक्स यांच्या शाळांत खालच्या गटाला शिक्षक मिळाला, पण शिकवणं पातळ मिळालं. मुलं वेगळी बसवली एवढ्याने काही होत नाही. वेगळी बसवून काय केलं, तिथे सगळं ठरतं. शिवाय केनियातली मुलं पहिलीतली होती. एवढ्या लहान मुलाला आपण कुठल्या गटात आहोत याची लाज वाटत नाही. अठरा वर्षांच्याला वाटते, विशेषतः त्याला आवडणारी मुलगी ‘अ’ गटात बसत असेल तर.

याचं आपल्या मातीतलं उदाहरण ‘प्रथम’ संस्थेचं. १९९५ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून सुरू झालेल्या या संस्थेने मुलं इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार बसवली: अक्षर ओळखणारी एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे, परिच्छेद वाचणारी तिसरीकडे. दिवसातला थोडा वेळ. आणि मूल पुढे गेलं की लगेच पुढच्या गटात. या पद्धतीची पारख पुन्हा पुन्हा झाली आहे आणि ती टिकली आहे.

## ‘मग सगळ्यांना एकत्रच शिकवा ना’

फिनलंडने तेच केलं. तिथे पूर्वी शाळेत गणित आणि परकीय भाषांना सोपा-मध्यम-अवघड असे स्तर होते; १९८५ च्या सुमारास ते काढून टाकले. समतेसाठी ही गोष्ट चांगली झाली असंच बहुतेकजण मानतात. पण फिनलंडचं नाव घेताना तिथल्या वर्गात वीस-पंचवीस मुलं असतात आणि मागे पडणाऱ्याला लगेच वेगळी मदत मिळते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. एकशे वीसच्या हॉलमध्ये ‘एकत्र शिकवणं’ म्हणजे पुढच्या दोन बाकांना शिकवणं आणि बाकीच्यांना साक्षीदार ठेवणं. माझ्या विद्यार्थ्यांनी मला हेच सांगितलं: एकत्र असतानाही आम्ही ‘ब’ गटच होतो, फक्त यादी लावली नव्हती.

मुलांच्या या वाक्याने माझं स्टाफरूममधलं दुसरं भांडण संपलं.

एकत्र वर्गाच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मी अजून सोडलेला नाही. भाषा ही शेजाऱ्याकडून येते. गणितात शेजारी हुशार असून फारसा उपयोग नसेल, पण इंग्रजी बोलणारा शेजारी म्हणजे चालतंबोलतं पुस्तक. सगळ्या न बोलणाऱ्यांना एका खोलीत कोंडलं तर ती बोलतील कोणाशी? इथे पुन्हा तालीम आठवते: पाया वेगळा करून घ्यावा, सराव मिसळून. मी आठवड्यातले दोन तास वेगळे आणि एक तास एकत्र असं एक सत्र करून पाहिलं. एकत्र तासाला दोन-दोनची जोडी, एक ‘अ’ची, एक ‘ब’ची, आणि काम असं की ‘ब’वाल्याकडे माहिती आणि ‘अ’वाल्याकडे शब्द. गावातल्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाची मुलाखत इंग्रजीत लिहायची होती. मुकादमाशी बोलायला ‘अ’ गटातल्या किती जणांना जमलं असतं?

## तीस तासांचं गणित

आता एक कोरडा हिशेब, पण महत्त्वाचा. भाषेची पातळी सांगायची जगभर वापरली जाणारी एक सहा पायऱ्यांची शिडी आहे. ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या संस्थेने ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ए१ म्हणजे नाव-गाव सांगता येणं, बी१ म्हणजे प्रवासात, कामावर निभावता येणं, सी२ म्हणजे जवळजवळ सगळं. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाच्या अंदाजाप्रमाणे सुरुवातीपासून ए२ला पोचायला शिक्षकाबरोबरचे १८० ते २०० तास लागतात, बी१ला ३५० ते ४००, बी२ला ५०० ते ६००. म्हणजे एक पायरी चढायला दीडशे-दोनशे तास.

आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे सत्रातले पंधरा तास शिकवणं. भाषेचा पेपर दोन क्रेडिटचा, म्हणजे तीस तास. त्यातून गणपती, दिवाळीआधीच्या परीक्षा, निवडणुकीची ड्युटी वजा करा. अशा चार पेपरांचे मिळून आठ क्रेडिट, एकशे वीस तास, आणि त्यातही मराठी-हिंदीचा वाटा. ‘ब’ गटातला मुलगा सत्राच्या शेवटी ‘अ’ गटाच्या पातळीला येईल ही आशा कोणत्याही शिक्षकाने आणि कोणत्याही पद्धतीने पुरी होणारी नाही. गट फसले असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा तास फसलेले असतात.

म्हणून मला वाटतं की वर्गाने जे साधायचं ते मुलाला वर्गाबाहेरचे तास मिळवायला लावणं. ‘ब’ गटातला जो मुलगा न लाजता इंग्रजी बातम्या ऐकायला लागतो, तो तीस तासांचे दोनशे स्वतः करतो. ज्याला पहिल्या आठवड्यात कळलं की आपण ‘ढ’ आहोत, तो ते तीसही बसत नाही.

## ठाण्याला गाडी बदलता येते का

मुंबईकराला हे एका वाक्यात कळेल. स्लो लोकल आणि फास्ट लोकल दोन्ही सीएसएमटीवरून सुटतात, दोन्ही कल्याणला जातात. स्लोमध्ये बसलो म्हणून कोणी अपमान मानत नाही, कारण ठाण्याला उतरून फास्ट पकडता येते आणि उशिरा का होईना, कल्याण येतंच. अपमान कधी वाटेल? स्लो गाडी कुर्ल्यालाच संपत असेल तर. किंवा एकदा चढल्यावर दारं बंद करून मध्ये उतरू देत नसतील तर.

दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. प्रोग्रामला इंग्रजीचे अ, ब, क असे तीन स्तर होते. बारावीच्या इंग्रजीतले गुण बघून मूल कुठे बसायचं ते ठरे: ऐंशी आणि वर, साठ ते ऐंशी, साठच्या खाली. पुस्तकं तीन, पेपर तीन. हेतू वाईट नव्हता, ‘क’ स्तरातल्या मुलाला पेलेल असंच त्याला दिलं होतं. पण बारावीचे गुण वेगवेगळ्या मंडळांचे, वेगवेगळ्या हातांनी दिलेले. आणि गाड्या तीन वेगवेगळ्या स्टेशनांकडे जाणाऱ्या.

मी मुलांना विचारलं की गट हवेत का, तर उत्तरं अर्धी-अर्धी आली. ‘सहा आठवड्यांनी पुन्हा चाळणी आणि बदली होणार असेल तर?’ असं विचारल्यावर नकार देणारे हात फार थोडे उरले. शास्त्रशुद्ध पाहणी नव्हे ही, एका वर्षाच्या एका हॉलमधली गोष्ट आहे. गंमत म्हणजे त्या वर्षी सहा आठवड्यांनी खरंच पुन्हा चाळणी घेतली तेव्हा नऊ जणांना ‘अ’मध्ये जायचा हक्क मिळाला आणि चौघांनी जायला नकार दिला. ‘मॅडम, इथे बोलायला जमतंय. तिकडे गेलो की परत गप्प बसेन.’

## तुमच्या घरात यादी आली तर

मुलाला ‘किती पडले’ हे विचारून झालं असेलच. मग कॉलेजात जाऊन हेही विचारा की पुन्हा चाळणी कधी आहे. तारीख सांगता आली नाही तर ती नाही असं समजा. शेवटचा पेपर दोन्ही गटांना एकच आहे की वेगळा, आणि वेगळा असेल तर गुणपत्रिकेवर कसं दिसतं, ते विचारा. ‘ब’ गटाचा तास कितीला आहे तेही, एसटीचं वेळापत्रक हातात ठेवून.

आणि ‘ब’ गटाला शिकवतं कोण, हे जरूर विचारा. आमच्याकडे पुष्कळदा असं होतं की कायम नोकरीतला, अनुभवी प्राध्यापक ‘अ’ गट घेतो, कारण तिथे शिकवायला मजा येते. ‘ब’ गट जातो तासिका तत्त्वावरच्या तरुण मुलाकडे किंवा मुलीकडे. त्यांचं मानधन तासावर, तेही महिनोन्महिने थकलेलं, आणि पुढच्या सत्रात ते असतील की नाही हे त्यांनाच ठाऊक नसतं. ज्या वर्गाला सगळ्यात मुरलेला शिक्षक लागतो त्या वर्गाला आम्ही सगळ्यात टांगता शिक्षक देतो. गेल्या वर्षापासून मी ‘ब’ गट मागून घेतला आहे. स्टाफरूममध्ये सहानुभूतीने विचारलं गेलं, ‘काय मॅडम, तुम्हाला कसा काय ब दिला?’